दुर्मीळ कुणामुळे?

विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला आमच्या भाड्याच्या घरामागे उन्हाची एक पट्टी आहे. घरमालकीणबाई म्हणाल्या, हवं ते लाव. इथे हिवाळ्यात पारा उणे २५ पर्यंत उतरू शकतो. म्हणून मी सवयीने अटींची यादी केली: भर उन्हात वाढणारं, थंडीत वरून वाळलं तरी वसंतात मुळापासून फुटणारं आणि शेजाऱ्यांकडे नसलेलं. ही शेवटची अट का, हे तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

निवड झाली कंपास प्लांटची. माणसापेक्षा उंच दांडा, पिवळी फुलं, उत्तर-दक्षिण रोखलेली पानं. सोटमूळ इतकं खोल, की रुजल्यावर हलवणं जवळपास अशक्य. फुलायला काही वर्षं लागतात.

मग कळलं, हे इथल्याच गवताळ रानातलं. रान नांगराखाली गेलं म्हणून ते विरळ झालं. ऑल्डो लिओपोल्डने १९४९च्या पुस्तकात इथल्या एका दफनभूमीच्या कोपऱ्यात तगलेल्या या झाडाबद्दल लिहिलंय. तेही शेवटी कापलं गेलं.

म्हणजे मला भुलवणारं वेगळेपण हे माणसाने केलेल्या नुकसानीचं दुसरं नाव होतं. आणि माझा व्हिसा संपायला दोन वर्षं उरलीत. फूल बहुधा मला दिसणार नाही. मग लावायचं कशाला?

मिरवायला असेल, तर नकोच. बाईंना सांगितलं, हे माझ्यानंतरही अनेक वर्षं राहील, चालेल का? त्या म्हणाल्या, लाव.

मे महिन्यात रोप लावलं. यादीतली शेवटची अट खोडली. आता ते शेजाऱ्यांकडेही असावं असं वाटतं.