युधिष्ठिराचे उत्तर

शस्त्र चालविण्याचे शिक्षण सामान्य नागरिकाला द्यावे काय, आणि द्यायचे झाल्यास त्याचा प्रारंभ कोणत्या पाठाने करावा, हा प्रश्न वरवर पाहता गृहखात्याचा किंवा क्रीडाखात्याचा वाटतो. साहित्यसंस्थेच्या त्रैमासिकात त्याची चर्चा कशासाठी, असेही कोणी विचारील. परंतु माळव्यातील, विशेषतः धार आणि देवास येथील मराठी घरांना हा प्रश्न परका नाही. आमची इथली वस्तीच मुळी शस्त्राच्या आधाराने झाली. अठराव्या शतकात पवारांच्या फौजांबरोबर जी कुटुंबे नर्मदा ओलांडून आली, त्यांतील कोणी धारेस राहिली, कोणी देवासच्या थोरल्या पातीत, कोणी धाकट्या पातीत. दप्तर सांभाळणारे, पौरोहित्य करणारे, वैद्यकी करणारे मागाहून आले व तलवारीच्या सावलीतच स्थिरावले. १९४८ साली ही संस्थाने मध्यभारतात विलीन झाली, पागा मोडल्या, मानपान सरले. परंतु काही घरांत भिंतीवरची बंदूक उरली, आणि बहुतेक घरांत खंडेनवमी उरली.

देवासच्या थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव यांचे खाजगी चिटणीस म्हणून इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली काही महिने देवासला होते. त्या दिवसांतील पत्रे त्यांनी पुढे १९५३ मध्ये ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात प्रसिद्ध केली. दसऱ्याला ज्याने त्याने आपापल्या व्यवसायाच्या साधनांची पूजा करावयाची, या रीतीनुसार चिटणीस साहेबांच्या वाट्याला लेखणी आणि दौत यांची पूजा आली, तो प्रसंग त्यांनी मोठ्या मौजेने वर्णिला आहे. प्रसंग गमतीचा खरा. पण त्यात एक गृहीतक दडलेले आहे. जो लेखणी पूजतो त्याला लिहिता येते. जो तराजू पूजतो त्याला तोलता येते. पूजा ही आपल्या विद्येबद्दलची कृतज्ञता असते. आता आजचे चित्र पाहावे. पाटावर मांडलेल्या बंदुकीला हळदकुंकू वाहणाऱ्या घरात ती चालविता येणारा, किंबहुना ती भरलेली आहे की रिकामी हे खात्रीने सांगू शकणारा, कोणी असतोच असे नाही. विद्या गेली आणि आदर मात्र राहिला. नुसत्या आदराने काडतूस निकामी होत नाही.

हा विसर केवळ आमच्याच पिढीचा आहे असेही नाही. शस्त्राविषयीची आपली चर्चा प्रदीर्घ काळ शस्त्राभोवतीच फिरत राहिली, धरणाऱ्या हाताकडे ती क्वचितच वळली. धारेच्या भोजराजाच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरु’ या ग्रंथात खड्गाच्या परीक्षेची चर्चा आहे. परीक्षा आहे ती पोलादाची. पुढे इंग्रजांनी १८७८ मध्ये शस्त्रांचा कायदा केला, तेव्हा काँग्रेसच्या आरंभीच्या अधिवेशनांतून त्याविरुद्ध ठराव झाले. त्यांतील मुद्दा स्वाभिमानाचा होता आणि तो योग्यच होता. परंतु वाद चालला तो हक्काचा. स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या कायद्याने परवान्याची चौकट नव्याने घातली. तेथे मुख्य प्रश्न अर्जदार पात्र आहे काय, त्याचे वय पुरेसे आहे काय, त्याला शस्त्राची गरज आहे काय, असा होता. परवाना मागणाऱ्याने मान्यताप्राप्त प्रशिक्षकाकडे सुरक्षिततेचा पाठ्यक्रम पुरा करावा, ही अपेक्षा ठळकपणे आली ती २०१६ च्या नियमांत. शस्त्र हाताळावे कसे, वाहून न्यावे कसे, कुलूपबंद ठेवावे कसे, हे शिकल्यावाचून ते बाळगू नये, ही साधी गोष्ट नियमांत उतरावयास एवढा काळ लागला.

नवशिक्यांच्या अशा वर्गात पहिल्या दिवशी काय शिकवितात, हे ध्यानात घेतल्यावाचून पुढचा विचार करता येणार नाही. पहिल्या दिवशी बहुधा गोळी झाडावयास मिळतच नाही. जगभर थोड्याफार फरकाने चार नियम सांगितले जातात. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असेच समजावे. ज्याचा नाश करावयाचा नाही त्याच्या दिशेने नळी कधीही वळवू नये. नेम निश्चित होईपर्यंत बोट चापावर ठेवू नये. आणि लक्ष्य कोणते, लक्ष्याच्या पलीकडे काय आहे, हे पुरते जाणून घ्यावे. राष्ट्रीय छात्रसेनेत ज्यांनी रायफल हाती घेतली त्यांना ‘निरीक्षण के लिए जाँच शस्त्र’ ही आज्ञा आठवत असेल. शस्त्र रिकामे आहे हे नुसते म्हणून चालत नाही. ते उघडून दुसऱ्याच्या डोळ्यांना दाखवावे लागते. नेमबाजीच्या मैदानावर रायफलीच्या नळीतून भडक रंगाची दोरी आरपार ओवून ठेवतात, तीही याचसाठी.

या नियमांमागील कारणे अगदी व्यावहारिक आहेत. स्वयंभरणाच्या पिस्तुलातून मॅगझिन काढून घेतले म्हणजे ते रिकामे झाले, असे अनभिज्ञ माणसास वाटते. प्रत्यक्षात एक काडतूस चेंबरमध्ये बसलेले असू शकते. शिवाय क्रम चुकला, म्हणजे आधी वरचा सरकता भाग मागे ओढून चेंबर मोकळे केले आणि मग मॅगझिन काढले, तर मधल्या क्षणात मॅगझिनमधले दुसरे काडतूस चेंबरमध्ये चढते. कृती त्याच दोन, हेतूही तोच. केवळ क्रमाच्या फरकाने एका हातात रिकामे शस्त्र राहते आणि दुसऱ्या हातात भरलेले. येथे नीतिविचाराला एक महत्त्वाचा धडा मिळतो असे आम्हांस वाटते. आपण सहसा हेतूवरून माणसाची पारख करतो. ‘त्याच्या मनात तसे काही नव्हते’ हे वाक्य आपल्याकडे जवळजवळ निर्दोषत्वाचा दाखला म्हणून वापरले जाते. परंतु ज्याच्या मनात काहीच नव्हते अशा माणसाच्या हातून माणूस दगावतो, तेव्हा मनाचा निर्मळपणा कोणाच्या कामी येतो? पहिला नियम नेमका या निर्मळपणावर विसंबू नका असे सांगतो. बंदूक भरलेलीच समजा, याचा अर्थ स्वतःच्या स्मरणाला, स्वतःच्या खात्रीला प्रमाण मानू नका. सज्जनाने स्वतःच्या सज्जनपणावर अविश्वास ठेवण्याची ही शिस्त आहे.

चौथा नियम तर आम्हांला आपल्या एका लाडक्या कथेकडे पुन्हा वळावयास लावतो. झाडावरच्या पक्ष्यावर नेम धरावयास सांगून द्रोणाचार्यांनी शिष्यांना विचारले, तुला काय दिसते? युधिष्ठिराने सांगितले की झाड दिसते, पक्षी दिसतो, आपण दिसता, माझे भाऊ दिसतात. आचार्यांनी त्याला बाजूस केले. अर्जुनाला फक्त पक्षी दिसत होता, आणि शेवटी केवळ त्याचे मस्तक. तो उत्तीर्ण झाला. लोकांच्या तोंडी मस्तकाचा डोळा झाला, आणि पिढ्यान्‌पिढ्या आपण मुलांना एकाग्रतेचा आदर्श म्हणून हे उदाहरण देत आलो. परंतु नवशिक्यांच्या वर्गात पहिल्या दिवशी हीच परीक्षा घेतली, तर निकाल उलटा लागेल. फांदीमागे कोण उभे आहे, गुरुजी कोठे आहेत, भाऊ कोणत्या बाजूस आहेत, हे ज्याला दिसते त्याच्याच हाती बंदूक द्यावी, असे चौथा नियम म्हणतो. पॉइंट टू टू रायफलीची चिमुकली गोळीदेखील सुमारे दीड किलोमीटर जाऊ शकते. नेम चुकला तरी गोळी संपत नाही. ती कोठेतरी जातेच.

अर्जुनाचे उत्तर चुकीचे होते असे आम्ही म्हणत नाही. दहा मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तेथे त्या ठिपक्यावाचून दुसरे काही दिसता कामा नये. परंतु खेळाडूला ही चैन परवडते, कारण त्याच्या वतीने दुसऱ्यांनी आधीच सगळीकडे पाहून ठेवलेले असते. पाठीमागची भिंत बांधलेली असते, मार्गिका आखलेल्या असतात, पंचाची आज्ञा झाल्यावाचून कोणी पुढे पाऊल टाकीत नाही. युधिष्ठिराचे पाहणे पूर्ण झाले म्हणून अर्जुनाला एकटक पाहता येते. लग्नाच्या वरातीत आकाशाकडे बार काढणाऱ्याच्या वतीने असे कोणीही पाहिलेले नसते. ती गोळी खाली येताना गच्चीवर कोण उभे आहे, याचा विचार ना नवरदेवाने केलेला असतो ना वाजंत्रीवाल्यांनी. २०१९ च्या दुरुस्तीने अशा आनंदोत्सवी गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या. परंतु शिक्षेचे भय अपघातानंतर आठवते. पलीकडे पाहण्याची सवय अपघाताच्या आधी लागावी लागते.

येथे एक गंभीर आक्षेप उभा राहतो, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. शस्त्र शिकविणे म्हणजे शस्त्राची गोडी लावणे, असे गांधी-विनोबांच्या वळणाचा माणूस म्हणेल. जे हातात येते ते वापरावेसे वाटते. तेव्हा सुरक्षितपणे मारावयास शिकविण्यापेक्षा मारण्याच्या साधनापासूनच दूर राहावयास का शिकवू नये? त्याला आमच्याच राज्याच्या उत्तरेकडील चंबळ खोऱ्याचा दाखला देता येईल. १९६० साली विनोबांपुढे आणि १९७२ साली जयप्रकाशांपुढे ज्या बागींनी बंदुका खाली ठेवल्या, ते बंदूक हाताळण्यात कच्चे खचितच नव्हते. कौशल्याने त्यांना सौजन्य दिले नाही. ते आले ते बंदूक टाकल्यानंतर.

हा आक्षेप आम्ही अर्धा मान्य करतो. नेमबाजीने चारित्र्य घडते, अशी जाहिरात करणाऱ्यांवर आमचा विश्वास नाही. दुष्टाव्याला हा वर्ग आळा घालू शकत नाही. तो फक्त बेसावधपणाला आळा घालतो. शिवाय धोका केवळ परक्याला नसतो. घरात बंदूक असली म्हणजे निराशेच्या एखाद्या क्षणी आत्महत्येचा धोका वाढतो, हे अमेरिकेतील अभ्यासांतून वारंवार दिसून आले आहे. म्हणून काडतुसे वेगळी आणि कुलपात ठेवावीत हा नियम चोरापुरता नाही. तो घरच्या माणसासाठीही आहे. परंतु आक्षेपाचा दुसरा अर्धा भाग आम्हांला मान्य नाही, कारण शस्त्र आपल्यापासून दूर आहे हे त्याचे गृहीतक येथे लागू पडत नाही. धार, बडवानी, खरगोन या पट्ट्यात गावठी पिस्तुले बनविण्याचे अड्डे पोलिसांनी उघडकीस आणल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येत आहेत. ४.५ मिलिमीटर नळीची, मर्यादित शक्तीची एअर रायफल तर परवान्यावाचूनही घेता येते. इंदूरजवळच्या महू येथील लष्कराच्या नेमबाजी केंद्रात घडलेल्या विजयकुमार यांनी २०१२ मध्ये लंडन ऑलिंपिकचे रौप्यपदक आणले. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये विश्वविजेत्या झाल्या. त्याच जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळविले. हे पाहून मुले मैदानाकडे वळणार, आणि वळावीतच. शस्त्र घरात आहे, बाजारात आहे, मुलांच्या स्वप्नांत आहे. अशा वेळी अज्ञानाला अहिंसा म्हणणे ही आत्मवंचना होय.

महाभारतातच या वादाचा एक निवाडा सापडतो. युद्धाच्या अखेरीस अश्वत्थाम्याने ब्रह्मशिर अस्त्र सोडले, त्याला उत्तर म्हणून अर्जुनानेही सोडले. ऋषींनी मध्ये पडून दोघांना अस्त्रे परत घ्यावयास सांगितली, तेव्हा अर्जुनाने आपले घेतले. अश्वत्थाम्याला ते जमले नाही, आणि ते अस्त्र उत्तरेच्या गर्भावर गेले. दोघांचा गुरू एकच होता. अश्वत्थाम्याला सोडण्याचा मंत्र ठाऊक होता. आवरण्याइतका संयम त्याच्यापाशी नव्हता. पुत्रप्रेमाने अर्धी विद्या देणाऱ्या द्रोणांकडेही थोडा दोष जातोच. बंदुकीची गोळी तर कोणालाच परत घेता येत नाही. म्हणून तिच्या बाबतीत आवरण्याची सगळी विद्या चाप ओढण्यापूर्वीच शिकवावी लागते. जो वर्ग ही विद्या आधी शिकवितो तो आमच्या मते नीतीच्या बाजूचा आहे. जो पहिल्याच दिवशी धमाक्याची मौज चाखवितो तो अश्वत्थामे तयार करतो. आणि असा पाठ्यक्रम पुरा करून एखादा विद्यार्थी ‘मला शस्त्राची गरज नाही’ असे ठरवून घरी परतला, तर तो वर्ग वाया गेला असे मानू नये. शिकून नाकारणे हे न शिकता भिण्याहून वेगळे असते.

मराठीत ‘नेम’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक लक्ष्यावर धरावयाचा, दुसरा आचरणात पाळावयाचा. आमच्या घरांनी पहिल्याची कीर्ती सांगितली आणि दुसरा उपासतापासापुरता ठेवला. येत्या खंडेनवमीला ज्यांच्या पाटावर बंदूक येईल त्यांनी एवढे तरी करावे, की जाणत्या माणसाकडून ती आधी उघडून, चेंबर रिकामे असल्याचे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्यावे, नळी कोणाकडेही रोखलेली नाही हे तपासावे, काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात आहेत याची खात्री करावी, आणि हे सारे घरातील मुलांच्या देखत करावे. हळदकुंकू त्यानंतर वाहिले तरी देवी रागावणार नाही.