रिकाम्या उत्तराची जबाबदारी

ब्लॉकचेनवरील नोंदी शोधून देणारी साधने आता कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे एजंटही वापरू लागले आहेत, म्हणजे प्रश्न ठरवण्यापासून उत्तरावरून कृती करण्यापर्यंतची सारी कामे प्रोग्रामकडे जात आहेत, आणि म्हणून या साधनांचे डॉक्युमेंटेशन कसे असावे याची चर्चा रंगली आहे. पण ती जवळजवळ सगळी मजकुराच्या बाह्यरूपाभोवती फिरते. संकेतस्थळाचा सारांश भाषिक मॉडेलांसाठी साध्या मजकुरात ठेवणारी, जेरेमी हॉवर्ड यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये सुचवलेली एलएलएम्स.टीएक्सटी ही फाइल किंवा मॉडेल आणि बाहेरची साधने यांना जोडण्यासाठी अँथ्रॉपिकने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मांडलेला मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल यांची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. मात्र मजकूर कुठे ठेवावा हे ठरले म्हणजे त्यात काय सांगावे हेही ठरले, हा समज उथळ आहे.

या समजामागे एक ठाम भूमिका आहे आणि तिचाच समाचार घेणे आवश्यक आहे. ती अशी की यंत्राला गद्य नको, स्कीमा पुरे. स्कीमा म्हणजे प्रत्येक पद्धतीला कोणती माहिती द्यावी लागते आणि ती कोणत्या प्रकारचे उत्तर देते याचा यंत्राला वाचता येणारा आराखडा. रकमांच्या बाबतीत ही भूमिका काही अंशी टिकते. इथेरियमवर यूएसडीसी या टोकनला सहा दशांश स्थाने आहेत आणि डाय या टोकनला अठरा, त्यामुळे तोच पूर्णांक एका ठिकाणी मोठी रक्कम आणि दुसऱ्या ठिकाणी नगण्य रक्कम ठरतो. तरीही दशांशांची संख्या उत्तरासोबत देण्याची तरतूद स्कीमात करता येते, हे मान्य करावे लागेल.

स्कीमा अपुरी पडते ती उत्तर रिकामे येते तेव्हा. एखाद्या पत्त्यावर ठरावीक काळात पैसे आले का, असे विचारल्यावर साधनाने रिकामी यादी दिली, तर ती स्कीमाच्या दृष्टीने निर्दोष असते. पण ती रिकामी का, याची कारणे निरनिराळी असू शकतात. खरोखरच काही आले नसेल. इंडेक्सर, म्हणजे साखळीतील नोंदी वाचून त्यांची शोधण्याजोगी सूची करणारा प्रोग्राम, त्या ब्लॉकपर्यंत अजून पोहोचलाच नसेल. एजंटने टोकनच्या हस्तांतराचे लॉग धुंडाळले असतील आणि आलेले पैसे मूळ इथर या चलनात असतील, ज्याच्या साध्या हस्तांतराची नोंद अशा लॉगमध्ये एरवी होत नाही. किंवा साखळीच दुसरी निवडली गेली असेल. उत्तर तेच राहते, अर्थ मात्र चार होतात, आणि त्यांतील तीन अर्थांनी ते उत्तर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरच नसते. अर्धवट उत्तराचीही गत हीच आहे: द ग्राफ या व्यवस्थेत मर्यादा न सांगता यादी मागितली तर पहिल्या १०० नोंदी मिळतात, आणि ज्याला हे ठाऊक नाही तो एजंट टोकनधारकांची संख्या नेमकी १०० आहे असे निःशंकपणे कळवतो. इंडेक्सर कोणत्या ब्लॉकपर्यंत पोहोचला आहे हे तिथे त्याच क्वेरीत विचारता येते, असे स्कीमावादी सांगतील. पण ते क्षेत्र उपलब्ध आहे एवढेच स्कीमा सांगते, ते न विचारल्यास पुढचा निष्कर्ष निराधार ठरतो हे सांगत नाही.

एजंट स्वतःच स्मार्ट करारांचा, म्हणजे साखळीवर चालणाऱ्या प्रोग्रामांचा, सोर्स कोड वाचतील, हा दुसरा युक्तिवाद फार विचार करण्याजोगा नाही, कारण इंडेक्सर कुठवर पोहोचला हे कराराच्या कोडमध्ये लिहिलेले नसते.

न आढळण्यावरून ‘नाही’ असे केव्हा म्हणावे, हा प्रश्न जुना आहे. भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धी, म्हणजे वस्तू न आढळणे, हे अभावाच्या ज्ञानाचे स्वतंत्र प्रमाण मानले आणि नैयायिकांनी ते स्वातंत्र्य नाकारले, हा वाद परिचित आहे. परंतु न आढळण्यावरून अभाव ठरवायचा तर ते न आढळणे ‘योग्य’ असले पाहिजे, याविषयी दोहोंत फारसे दुमत नाही. वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती आधी असावी लागते. उजेडात जमिनीवर घडा दिसला नाही तर तो नाही असे म्हणता येते, अंधारात म्हणता येत नाही. ब्लॉकचेनच्या साधनांना हाच भेद लावला पाहिजे. पद्धत कशी वापरावी हे सांगणारे डॉक्युमेंटेशन विपुल आहे. तिचे रिकामे उत्तर कोणत्या अटींवर ‘नाही’ असे वाचावे आणि कोणत्या परिस्थितीत ‘ठाऊक नाही’ असे, हे सांगणारे दुर्मीळ आहे. ‘आहे’ या उत्तरालाही अटी असतात, कारण सप्टेंबर २०२२ नंतरच्या इथेरियमवर एखादा ब्लॉक अंतिम ठरायला सामान्यतः तेरा-एक मिनिटे लागतात आणि तोवर तो क्वचित मागे घेतला जाऊ शकतो. पण ही बाजू निदान चर्चेत तरी आहे.

माणसाला संशय येतो, तो पान पुन्हा उघडतो, साखळीतील नोंदी दाखवणारे दुसरे संकेतस्थळ पाहतो. एजंटलाही तसे शिकवता येईल, परंतु संशय नेमका कुठे घ्यावा हे साधन बनवणाऱ्यालाच ठाऊक असते, आणि एकदा पाठवून नोंदला गेलेला व्यवहार परत घेता येत नाही. म्हणून रिकामे उत्तर कसे वाचावे याची अट इशाऱ्यांच्या वेगळ्या पानावर टाकून भागणार नाही. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये मॉडेलपुढे साधनाचे नाव, वर्णन आणि त्याला द्यायच्या माहितीचा आराखडा येतो, ते पान येईलच असे नाही, तेव्हा तिची जागा त्या वर्णनातच आहे. जिथे शक्य असेल तिथे याहूनही पुढे जावे: इथेरियमचा साधा फुल नोड, म्हणजे साखळी स्वतः तपासून साठवणारा संगणक, बहुधा अलीकडच्या १२८ ब्लॉकांचीच स्थिती बाळगतो आणि त्यापलीकडची शिल्लक विचारली की शून्य न देता एरर देतो. इंडेक्सरनेही मागितलेला ब्लॉक आपल्या पलीकडचा असेल तेव्हा रिकामी यादी न देता एररच दिला पाहिजे, मग त्यामुळे ग्राहकांना दाखवायचे यशस्वी विनंत्यांचे प्रमाण घटले तरी चालेल.