खोदकामाची वर्दी कुणाला?

रस्ता खोदायचा असेल तर आधी कुणाला कळवायचे? कुणीही सांगेल, त्या रस्त्याने रोज येणाऱ्या-जाणाऱ्याला. कायद्याने मात्र गेली पावणेदोनशे वर्षे हा मान रस्त्याच्या मालकाला दिला आहे. वापरणारा माणूस या व्यवहारात आला तो फार उशिरा, आणि आला तोही अर्जातल्या एका रकान्यापुरता.

वाशी तालुक्यातले तेरखेडा घ्या. फटाक्यांसाठी नावाजलेले हे गाव सोलापूर–धुळे राष्ट्रीय महामार्गावर आहे. अशा गावात एखादी केबल घरापर्यंत पोहोचेतो जमिनीचा धनी दोन-तीनदा बदलतो. महामार्गाच्या हद्दीत 2002 च्या कायद्याप्रमाणे महामार्ग प्रशासनाची लेखी परवानगी लागते. फाट्यावरून आत वळले की रस्ता बांधकाम खात्याचा किंवा जिल्हा परिषदेचा, आणि गावठाणातली गल्ली ग्रामपंचायतीची. ‘पत्र दिलंय’ असे ठेकेदाराचा माणूस सांगतो ते खोटे नसते. पत्र कुठल्या तरी कार्यालयाच्या आवक नोंदवहीत चढलेले असते. गल्लीला मात्र बातमी कळते ती कटर सिमेंटच्या रस्त्यात घुसल्यावर. मग हातभर रुंदीचा चर, त्यात पाइप, वर मुरूम. पहिल्या मोठ्या पावसात तो मुरूम दबतो आणि चराची नाली होते.

या पत्राचे मूळ इंग्लंडमध्ये सापडते. गॅसचे दिवे आले, नळ टाकायला रस्ते फोडावे लागले, तेव्हा 1847 च्या गॅस कायद्याने कंपनीला बजावले की रस्ता ज्याच्या ताब्यात आहे त्याला निदान तीन दिवस आधी लेखी कळवा. हेतू सरळ होता. कंपनी दुसऱ्याची वस्तू फोडणार, तर त्या दुसऱ्याचा माणूस देखरेखीला हजर हवा.

हीच रीत हिंदुस्थानात आली. 1885 च्या तार कायद्याने स्थानिक संस्थेच्या जागेत तार टाकायला तिची परवानगी घेण्याची अट घातली आणि परवानगी देताना अटी घालण्याचा अधिकारही त्या संस्थेला दिला. 1910 च्या वीज कायद्याने नव्या कामासाठी महिनाभर आधी नकाशासह नोटीस मागितली. शिवाय खोदलेला भाग कुंपण घालून राखावा, सूर्यास्ताआधी तिथे दिवा लावावा आणि काम होताच रस्ता पूर्ववत करावा, असेही सांगितले. वाटसरू इथे दिसतो खरा. त्याला आधी काही कळवायचे नाही, फक्त अंधारात तो खड्ड्यात पडू नये एवढे पाहायचे. तेरखेडा त्या काळी निजामाच्या राज्यात होते. ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे तिथे आपोआप लागू होत नव्हते. पण पुढे रुजली ती हीच चौकट.

मग इंटरनेट आले आणि नोटिशीचा रोखच फिरला. 2016 च्या ‘राइट ऑफ वे’ म्हणजे केबलला वाट देण्याच्या नियमांनी कार्यालयावर मुदत घातली : साठ दिवसांत निर्णय दिला नाही तर परवानगी मिळाली असे धरायचे. जी सूचना रस्त्याच्या मालकाला जागे करण्यासाठी होती, तीच आता त्याच्या विरोधात घड्याळ लावू लागली. एकाच ग्रामसेवकाकडे दोन-तीन गावांचा कारभार असेल तिथे हे घड्याळ कुणाच्या बाजूने चालते, हे वेगळे सांगायला नको. लोकांची गैरसोय कशी कमी करणार, हे अर्जात लिहावे लागते खरे. पण तो अर्ज लोकांपुढे येत नाही.

जानेवारी 2023 च्या नियमांनी आणखी एक धनी पुढे आणला, तो म्हणजे जमिनीखालची केबल. खोदण्याआधी तिच्या मालकाला कळवायचे. त्यासाठी 22 मार्च 2023 रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अॅप सुरू झाले, कारण बेफाम खोदकामाने वर्षाला सुमारे 3,000 कोटींचे नुकसान होते, असा सरकारी अंदाज होता. उपाय योग्यच. पण केबलला ही वर्दी मिळू लागली, आणि केबलच्या वर राहणारा माणूस जिथल्या तिथे राहिला.

त्याची दखल न्यायालयाने घेतली, पण अपघात झाल्यानंतरची. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास सहा लाख, जखमी झाल्यास पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवली. चांगला रस्ता हा हक्क आहे, हे त्यातून ठसले. मात्र भरपाई घेणारा माणूस आधीच पडलेला असतो.

खरे तर लोकांना आधी कळवण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. ग्रामसभेची नोटीस फलकावर लागते, दवंडी पिटली जाते. ज्या सभेला अर्धे गाव फिरकत नाही तिची दवंडी होते, आणि ज्या खोदकामाला अख्खी गल्ली सामोरी जाते ते आवक-जावकमध्येच मिटते. हे बदलायला नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. परवानगी देताना अट घालता येते, ही सोय 1885 पासून आहे. ग्रामपंचायतीने ती वापरावी आणि निर्णयाची मुदत संपण्याआधी वापरावी. काम कुणाचे, कधी संपणार आणि रस्ता बुजवून देण्याची जबाबदारी कुणाची, या तीन ओळींचा फलक आठवडाभर आधी गल्लीच्या तोंडाशी लागल्याशिवाय कटर चालू होणार नाही, एवढी एकच अट पुरे. फलकावरची तारीख उलटली की जाब विचारायला अख्खी गल्ली उभी राहील, आणि तशी देखरेख कुठल्याही कार्यालयाला जमणारी नाही.