भरल्या ताटावरून उठवू नये

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



गेल्या रविवारी सत्संगातली आम्ही चार कुटुंबं बडोद्याहून पहाटेच निघून वढवाणा तलावावर गेलो. डभोईच्या बाजूचा हा तलाव सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९१० साली शेतीच्या पाण्यासाठी बांधला गेला. २०२१ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. थंडीत इथे मध्य आशियातून लालसरी बदकं येतात आणि हिमालय ओलांडून कादंब हंसही येतात.

आम्हाला घेऊन गेला होता आमचा धाकटा. सीएच्या परीक्षेत दुसऱ्यांदा अपयश आलं, तेव्हापासून तो घरात फारसा बोलत नाही. कॅमेरा मात्र सोडलेला नाही. बांधावर पोचताच त्याने सगळ्यांना खाली बसवलं. सूर्य आपल्या पाठीशी हवा, कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीला हवा आणि हालचाल कमीत कमी हवी, असं त्याने समजावलं. बदकांनी चरणं थांबवून माना ताठ केल्या की ती घाबरली आहेत असं समजायचं. तेव्हा पुढे जायचं नाही, उलट मागे सरकायचं.

अर्धा तास बसलो, आणि खरंच, बदकं आपणहून जवळ आली. चोचीच्या मुळाशी लाल ठिपका आणि टोकाला पिवळा रंग असलेलं हळदी-कुंकू बदक पाहून आम्हा बायकांना कोण आनंद! नाव ठेवणारी नक्कीच कोणी सवाष्ण असणार.

तेवढ्यात आमच्या ह्यांना वाटलं, उडतानाचा फोटो हवा, ग्रुपवर टाकता येईल. त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. हळदी-कुंकू पाण्यातून सरळ वर उसळली, लालसऱ्या पाण्यावर धावत धावत उडाल्या. क्षणात पाणी रिकामं.

मुलाने कॅमेरा खाली ठेवला. चिडला नाही. एवढंच म्हणाला, "बाबा, भरल्या ताटावरून उठवलंत हो त्यांना."

परतताना गाडीत कोणी बोलेना. ते वाक्य फक्त बदकांबद्दल नव्हतं, हे आम्हा दोघांनाही कळलं होतं. तीन महिने रोज रात्री, तो पहिला घास घेतो न घेतो तोच आम्ही विचारत होतो, "मग पुढे काय ठरवलंस?" आणि रोज तो अर्धं जेवून उठत होता. आम्हाला वाटायचं, हा बोलत नाही. मान ताठ झालेली आम्ही पाहिलीच नाही.

आपले सद्गुरू नामस्मरणाबद्दल सांगतात, मनाच्या मागे काठी घेऊन धावू नका. आसनावर स्थिर बसा, मन आपणहून येईल. हे आम्ही किती वेळा ऐकलं, ग्रुपवर पुढेही पाठवलं. पण ते देवघरापुरतंच ठेवलं. जेवणाच्या टेबलावर कधी आणलं नाही. आमच्या विचारण्यात प्रेम होतं, यात शंका नाही. टाळी वाजवणाऱ्यालाही पक्ष्यांचं कौतुकच होतं. पण घाई आमची होती, उत्तर आम्हाला हवं होतं, आणि ताट मात्र त्याचं सुटत होतं.

त्या रात्री आम्ही काही विचारलं नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. तिसऱ्या दिवशी भात संपवून तो स्वतःच म्हणाला, "आई, मला परत परीक्षेला बसायची भीती वाटते." एवढंच. पुढचं अजून ठरलेलं नाही. पण आता तो पूर्ण जेवून उठतो.

या आठवड्याचा संकल्प: घरातल्या कुणालाही जेवताना परीक्षा, नोकरी, लग्न याबद्दल विचारायचं नाही. फक्त वाढायचं, आणि शेजारी बसायचं.

श्रीसद्गुरुचरणार्पणमस्तु 🙏🌼