लुईसचं ‘कॅथेड्रल’

इंग्लंडच्या ससेक्समधल्या लुईस गावात, उझ नदीच्या काठावर, हार्वीज ब्रुअरीचा मनोरा उभा आहे. वास्तुकार विल्यम ब्रॅडफर्डने १८८१ साली त्याला गॉथिक वळण दिलं. गावकरी त्याला प्रेमाने ‘लुईस कॅथेड्रल’ म्हणतात. बिअरच्या कारखान्याला चर्चचं रूप शोभतं का?

गॉथिकचा पुरस्कर्ता वास्तुकार ऑगस्टस प्युजिनला ते खटकलं असतं. १८४१च्या ग्रंथात त्याने टोकदार कमानींची ही शैली ख्रिस्ती धर्माची ठरवली होती. पण सोय, बांधणी किंवा औचित्य यांसाठी लागत नाही ते इमारतीत नको, हा आग्रहही त्याच ग्रंथातला. या कसोटीला मनोरा पुरेपूर उतरतो. सातूचा माल्ट वर चढवायचा, भरडायचा, गरम पाण्यात मुरवायचा. मग गोड रस स्वतःच्या वजनाने मजल्यामजल्यांनी खाली येतो. उंचीचं कारण हेच.

मग पावित्र्य आकारात की कामाच्या सचोटीत? सचोटीचं पारडं जड वाटतं. संत बेनेडिक्टची नियमावली मठातली साधनं वेदीवरच्या पात्रांसारखी जपायला सांगते, आणि त्या नियमाने चालणारा क्लूनी पंथाचा मठ १५३८मध्ये पाडला जाईपर्यंत लुईसमध्येच होता.

व्हिक्टोरियन दारूविरोधकांचा आक्षेप मात्र यातून सुटत नाही. त्यांचं बोट पिंपातल्या मालाकडे आणि त्यापायी मोडलेल्या घरांकडे होतं.