नावाला बांधलेला पक्षी

८ सप्टेंबर १९२९. काराकोरमच्या पूर्वेला ५,१२५ मीटर उंचीवर कुशकू मैदान नावाचं उजाड पठार आहे. तिथे जेरोम सिलेम या डच पक्षी-अभ्यासकाने दोन फिंच टिपले, एक पूर्ण वाढलेला नर आणि एक पिल्लू. फिलिप्स आणि जेनी व्हिसर या दांपत्याच्या मोहिमेत तो सामील झाला होता. कातडी सोलून, आत कापूस भरून, पायाला चिठ्ठी बांधून हे पक्षी ॲमस्टरडॅमच्या प्राणिशास्त्रीय संग्रहालयात पोहोचले. ‘ब्रँट्स माउंटन फिंच’ म्हणून त्यांची नोंद झाली आणि पुढची साठेक वर्षं ते खणात पडून राहिले.

यात कोणाचा हलगर्जीपणा नव्हता. ब्रँटचा फिंच मध्य आशियातल्या उंच डोंगरांवर आणि हिमालयात दूरवर पसरलेला आहे. त्याच्या सातेक उपप्रजाती मानतात आणि त्या एकमेकींपासून वेगळ्या करायच्या त्या बहुतांशी रंगछटांवरून: पाठ किती राखाडी, किती तपकिरी. पण पिसांचा रंग काही स्थिर राहत नाही. उंचावरचं ऊन आणि वारा यांनी पिसांच्या कडा झिजतात, रंग उडतो. त्यामुळे शरद ऋतूत नवी पिसं ल्यालेला पक्षी आणि पुढच्या उन्हाळ्यातला तोच पक्षी शेजारी ठेवले तर दोन उपप्रजाती वाटाव्यात. संग्रहालयात दशकानुदशकं ठेवलेल्या कातड्यांचा रंगही हळूहळू पालटतो. म्हणून एकाच ऋतूतले, शक्य तितके जास्त नमुने ओळीने मांडून तुलना करावी लागते. इतक्या छटांच्या गर्दीत एखादा वेगळा पक्षी खपून जाणं अगदी स्वाभाविक.

पक्षी-अभ्यासक सी. एस. रोसेलार यांच्या नजरेला मात्र ते वेगळेपण खुपलं. सिलेमच्या नराच्या कपाळावर ब्रँटच्या फिंचसारखा काजळी काळा रंग नव्हता, डोकं दालचिनी रंगाचं होतं. १९९२मध्ये त्यांनी ही नवी प्रजाती म्हणून जाहीर केली, तिला सिलेमचं नाव दिलं आणि तो नर ‘होलोटाइप’ ठरवला.

होलोटाइप म्हणजे त्या प्रजातीचा सर्वांत देखणा किंवा सर्वांत नेहमीचा नमुना, असा समज अनेकदा आढळतो. तसं नाही. तो फक्त नाव ज्याला बांधलं आहे तो पक्षी. तो विटलेला असेल, लहान असेल, चारचौघांपेक्षा निराळाही असेल. उद्या एका प्रजातीच्या दोन झाल्या, तर जुनं नाव कोणाकडे जाणार याचा निकाल त्याच्यावरून लागतो. वर्णन शब्दांत असतं आणि शब्दांचे अर्थ लावता येतात. होलोटाइप मात्र पुन्हा बाहेर काढून तपासता येतो. विज्ञानाने स्वतःच्या मतांना लावलेला हा लगाम आहे आणि वर्गीकरणशास्त्राची खरी प्रतिष्ठा त्यातच आहे.

सिलेमच्या पक्ष्याला ही कसोटी द्यावी लागलीच. जगात नमुने दोनच. तेव्हा हे ब्रँटचेच फिंच, फक्त रंगात बिघाड झालेले, अशी शंका घेतली गेली. ती रास्तही होती. मग जून २०१२मध्ये यान मुझिका या पक्षीनिरीक्षकाने चीनच्या चिंगहाई प्रांतात, येन्यूगौ खोऱ्यात या पक्ष्याची छायाचित्रं टिपली. मूळ जागेपासून हे ठिकाण सुमारे १,५०० किलोमीटर दूर. २०१६मध्ये डीएनएचे निष्कर्ष आले. प्रजाती खरीच स्वतंत्र होती, पण ती माउंटन फिंच नव्हतीच! ती रोझफिंच निघाली, रोबोरोव्स्कीच्या रोझफिंचची जवळची नातलग. १९९२चं वर्गीकरण बदललं. पक्षी तोच राहिला आणि सिलेमचं नावही त्याच्याकडेच राहिलं. १९२९मध्ये डीएनएची रचनाही कोणाला ठाऊक नव्हती. ज्या प्रश्नाचं उत्तर त्या कातड्याने दिलं, तो प्रश्नच तेव्हा जन्मला नव्हता.

मात्र पायाची चिठ्ठी खोटी असेल तर हे सारं कोसळतं. याचा धडा महाराष्ट्राशी जोडलेला आहे. ब्रिटिश पक्षीसंग्राहक रिचर्ड माइनर्टझहागेन यांच्या संग्रहात रानपिंगळा या छोट्या घुबडाचा एक नमुना होता, १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ मिळवल्याच्या नोंदीसह. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षी-अभ्यासकांनी तो क्ष-किरणांखाली तपासला, आतला कापूस आणि भरण्याची पद्धत पाहिली. तो जेम्स डेव्हिडसन यांनी १८८०च्या दशकात खानदेशात गोळा केलेला, ब्रिटनच्या संग्रहालयातून चोरून नव्याने भरलेला पक्षी होता. खोटी नोंद बाजूला सारून खऱ्या जागांचा शोध घेतल्यावर नोव्हेंबर १९९७मध्ये शहाद्याजवळ जिवंत रानपिंगळा सापडला. तोवर शतकभर त्याचा एकही खात्रीलायक पुरावा नव्हता.

हे पक्षी मारून ठेवले आहेत, याची बोच लागणं योग्यच आहे. आज छायाचित्र, रक्ताचा थेंब, गळालेलं पीस यांवर बरंच काम होतं आणि तसंच व्हायला हवं. पण मुझिकाच्या छायाचित्रातला पक्षी ओळखता आला, तो ताडून पाहायला कातडं होतं म्हणून. जे मारले गेले आहेत, त्यांची हेळसांड करणं हा त्यांच्यावरचा दुसरा अन्याय.

बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचा संग्रह मुंबईत आहे. पण जुन्या महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांतल्या कपाटांतही भरलेले पक्षी असतात आणि जागा हवी झाली की त्यांच्यावरच आधी संक्रांत येते. असं कपाट रिकामं करायची वेळ आली, तर प्रत्येक पायाची चिठ्ठी आधी वाचा, तिचा फोटो काढा, ती पक्ष्यापासून वेगळी करू नका आणि जाणकार संस्थेला कळवा.