साक्षी पक्षी आणि तापीकाठ

एकाच झाडावर दोन पक्षी. एक फळ खातो, दुसरा काही न खाता पाहत राहतो. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातले हे रूपक पुढे मुंडक आणि श्वेताश्वतर उपनिषदांत आले. खाणारा म्हणजे कर्मफळ भोगणारा जीव आणि पाहणारा म्हणजे ईश्वर किंवा साक्षी आत्मा, असा अर्थ वेदान्ताने लावला. सांख्यांचा पुरुषही असाच नुसता द्रष्टा. करणे-सवरणे सगळे प्रकृतीकडे. पण कशातही न गुंतता पाहणे माणसाला जमते का?

फाल्गुन-चैत्रातल्या खानदेशात हा प्रश्न डोळ्यांसमोर उभा राहतो. यावल-चोपड्याकडे सातपुड्याच्या पायथ्याशी पळस फुलला की त्यावर भोरड्यांचे थवे उतरतात. फुलांतल्या मधासाठी येतात म्हणून त्यांना पळसमैनाही म्हणतात. मध पिताना डोक्याला लागलेला पराग दुसऱ्या झाडावर पोचतो. म्हणजे खाणाऱ्याकडून झाडाचेही काम होते, तो निव्वळ भोक्ता उरत नाही. एप्रिलपर्यंत हे थवे मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशांकडे परततात आणि तिथे टोळ-नाकतोडे भरवून पिल्ले वाढवतात. ज्वारीच्या शेतकऱ्याने मात्र त्यांना माळ्यावरून, हातात गोफण घेऊन पाहिलेले असते. ती नजर तटस्थ नव्हे. तरीही थवा कोणत्या वेळी, कोणत्या बाजूने येतो हे त्याच्याइतके बारकाईने क्वचितच कोणी पाहते. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींच्या (१८८०–१९५१) कवितेतला सुगरणीचा खोपाही शेतात राबणाऱ्या बाईच्या नजरेतूनच आला आहे.

तापी-पूर्णेच्या संगमावरच्या चांगदेव गावापाशी हतनूर धरणाचा फुगवटा पसरला आहे. हिवाळ्यात या पाण्यावर चक्रवाक आणि इतर बदके उतरतात. ऊन तापू लागले की चक्रवाक हिमालयापलीकडच्या उंच पठारांकडे निघतात. गावाला ज्यांचे नाव आहे त्या चांगदेवांच्या कोऱ्या पत्राला ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांत उत्तर दिले, तीच चांगदेव पासष्टी. तिच्या गाभ्याशी हाच प्रश्न आहे: द्रष्टा, दृश्य आणि दर्शन. दागिना घडला तरी सोने सोनेच, तशी या तिन्हींत वस्तू एकच. उपनिषदातला साक्षी निदान शेजारी बसलेला असतो. ज्ञानदेव त्याला बसायला वेगळी फांदीच ठेवत नाहीत.

शनिवार-रविवारच्या दोन सकाळी या काठावर घालवणाऱ्याला पुस्तकाबाहेरचे काही कळते. पाऊल जरा पुढे पडले की चक्रवाक मान ताठ करतात, आणि पाहायला आलेला स्वतःच दृश्य होतो. एवढ्याने अद्वैत सिद्ध होत नाही; एकमेकांना पाहणारे दोघे शेवटी दोघेच राहतात. पण पाहणारा मी आणि पाहिलेले ते, ही वाटणी ढिली होते.

फळाचा मोह दुर्बिणीलाही सुटलेला नाही. नव्या जातीची नोंद हवी म्हणून थव्याच्या मागे धावणे, छायाचित्रासाठी त्याला उडवणे, हेही खाणेच. फक्त चोच डोळ्यांची. लांबच्या उड्डाणाआधी अंगात चरबी साठवणाऱ्या पक्ष्याला अशी प्रत्येक उठबस महागात पडते. साक्षीभावाचा व्यवहारातला अर्थ या काठावर इतकाच निघतो: किती जवळ जायचे, हे पक्ष्याने ठरवायचे. त्याने मान वर केली की थांबायचे, आणि तो पुन्हा चरू लागेपर्यंत जागचे हलायचे नाही.